जोडतासिकांचा आठवडा: जून ते फेब्रुवारी वापरून झाल्यावर

सातवीचा वर्ग, पट ४८, सहा-सहा जणांचे आठ गट. सोमवार ते शनिवार रोज एक जोडतासिका, म्हणजे ३५ मिनिटांच्या दोन तासिका सलग, आणि त्या ७० मिनिटांत पुस्तकातल्याच घटकावरची, हातांनी करायची एक कृती. हा साचा जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालला; चाचण्यांचे, गणपतीचे, दिवाळीच्या सुट्टीचे आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींचे आठवडे त्यातून वजा. इमारत दोन अधिवेशनांची: बारा-वीसला सकाळची मुलं बाहेर, बारा-चाळीसला त्याच बाकांवर दुपारची. या साच्याला पाचपैकी साडेतीन गुण. कापलेल्या दीड गुणातला एक पूर्ण गुण या दोन अधिवेशनांच्या खात्यावर आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी १० दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलंय. ते सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकण्यासाठी आहेत. जोडतासिका ही त्याची जागा घेत नाही आणि घेऊही नये. हा रोजच्या अभ्यासाचा भाग आहे, दप्तर पाठीवर असतानाचा.

सगळ्यात आधी मिनिटांचा हिशेब, कारण नवीन शाळा इथेच फसते. साहित्य वाटायला ८ मिनिटं, कृतीला ४०, वहीत लिहायला १२, आवरायला १०. एकट्या ३५ मिनिटांच्या तासिकेत वाटणं आणि आवरणं तेवढंच राहतं, त्यामुळे हातात १७ मिनिटं उरतात आणि लिहिणं घरी जातं. घरी गेलेली निरीक्षणं दुसऱ्या दिवशी सगळ्या गटांची एकसारखी येतात, हे वेगळं सांगायला नको. वेळापत्रक करणाऱ्यांशी भांडायचंच असेल तर जोडतासिका मधल्या सुट्टीच्या लगेच आधी मिळावी म्हणून भांडा. आवरायला पाच मिनिटं जास्त लागली तर ती सुट्टीतून निघतात, पुढच्या बाईंच्या तासातून नाही.

दुसरी गोष्ट क्रेटची. दूधवाल्याकडे असतो तसा प्लास्टिकचा क्रेट आणि त्यात आठ ताटल्या, प्रत्येकीवर गटाचा क्रमांक. दुसऱ्या अधिवेशनामुळे वर्गात काहीही मांडून ठेवता येत नाही: वाळत घातलेला कागद नाही, भिजवलेले मूग नाहीत, खिडकीतली कुंडीही नाही. जे क्रेटमध्ये मावत नाही ते या साच्यात बसत नाही, हा नियम ऑगस्टपर्यंत पक्का झाला. बाजारातला ‘चाळीस प्रयोगांचा’ तयार संच याच कारणाने कपाटात पडून राहिला. त्यात प्रत्येक वस्तू एकच, आणि गट आठ. सहा मुलं करणार, बेचाळीस बघणार.

सोमवार पावसाळ्यात पर्जन्यमापकाचा, थंडीत सावलीचा. पर्जन्यमापक दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीचा. वरचा निमुळता भाग कापून उलटा खोचला की नरसाळं तयार. चूक होते ती तळाशी. या बाटल्यांचा तळ पाच खळ्यांचा असतो, तिथून मोजायला सुरुवात केली तर पहिले काही सेंटिमीटर साफ खोटे येतात. बाटलीचा सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत सिमेंट भरायचं, सुकू द्यायचं, आणि शून्याची रेघ तिथे मारायची. सिमेंटमुळे वाऱ्यात बाटली लवंडतही नाही. कापलेल्या तोंडाचा आणि खालच्या नळकांड्याचा व्यास सारखाच असल्यामुळे साध्या पट्टीने मोजलेले मिलिमीटर हेच पावसाचे मिलिमीटर. गच्चीचा कठडा एक मीटर उंच असेल तर मापक त्याच्यापासून निदान दोन मीटर लांब हवा. कठड्याला खेटून ठेवलेल्या बाटलीत नैर्ऋत्येचा तिरका पाऊस येतच नाही.

नोंद सकाळी साडेआठला, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. त्याच वेळी घेतली तरच कुलाबा आणि सांताक्रूझच्या आकड्यांशेजारी आपला आकडा मांडता येतो. तो जुळणार नाही, आणि न जुळणं ही चूक नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं. २७ जुलै २००५ ला सकाळी संपलेल्या पावसाच्या दिवसाचं उदाहरण पुरेसं आहे: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७५ मिमीही नाही. हवामान विभाग ६४.५ मिमीपासून पावसाला ‘मुसळधार’ म्हणतो आणि २०४.५ मिमीपासून ‘अत्यंत मुसळधार’. बाटलीचा सरळ भाग जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर भरतो, म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस त्यात मोजता येत नाही, बाटली भरून वाहते. नेमकी त्याच दिवशी शाळेला सुट्टी असते. सुट्टीनंतर बाटलीत सापडलेलं पाणी ‘तीन दिवसांचं एकत्र’ असं लिहायचं. मुलं हमखास तीनने भागतात आणि रोज एकसारखा पाऊस पाडतात, तिथे हात धरावा लागतो.

सावलीचा प्रयोग मात्र आठ महिन्यांतला सर्वात चांगला निघाला, आणि त्यात दोन अधिवेशनांचा चक्क फायदा झाला. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्वेला, भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर मुंबईचा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३९ मिनिटांनी येतो. म्हणजे बरोबर अधिवेशन बदलतं तेव्हा, पटांगणात पाय ठेवायला जागा नसते त्या वेळी. तशीही सर्वात आखूड सावली डोळ्यांनी पकडायला जाऊ नये. डिसेंबरअखेर ३० सेंमी काठीची मध्यान्हीची सावली सुमारे साडेसत्तावीस सेंमी पडते, आणि मध्यान्हाच्या आधीच्या किंवा नंतरच्या दहा मिनिटांत ती एक मिलिमीटरही बदलत नाही. मुलं वीस मिनिटं उन्हात उभी राहतात आणि ‘सर, हलतच नाही’ म्हणतात. बरोबरच म्हणतात.

त्याऐवजी समान सावल्यांची पद्धत. ६० × ६० सेंमीचा प्लायवूड, एका कडेच्या मध्यावर ३० सेंमीची सळी काटकोनात ठोकलेली, सळीच्या बुंध्यापासून ३० सेंमी त्रिज्येचा कंस. सळीची कड दक्षिणेला ठेवायची. डिसेंबरअखेर सकाळचं अधिवेशन साडेअकरानंतर टोकाची सावली कंसाला शिवते तो बिंदू आणि वेळ लिहितं. दुपारचं अधिवेशन दीडच्या सुमारास पलीकडून शिवते तो बिंदू आणि वेळ लिहितं. दोन वेळांचा मध्य हा मध्यान्ह, दोन बिंदूंच्या कोनाचा दुभाजक ही उत्तर-दक्षिण रेषा. डिसेंबरअखेर उत्तर १२:४१ च्या आसपास यायला हवं, चार-पाच मिनिटं इकडेतिकडे चालतील. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेच १२:२२ येतं आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३. अर्ध्या तासाचा हा फरक बघून वर्ग गप्प होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, या दोन वाक्यांना त्यानंतर काही अर्थ येतो. प्लायवूड दोन अधिवेशनांच्या मधे हलू नये म्हणून गच्चीच्या फरशीवर त्याचे दोन कोपरे ऑइलपेंटने रंगवून ठेवावेत. खडूची खूण पुसली जाते, आणि फळी फिरली तर उत्तर-दक्षिण रेषा चुकते. फळी पूर्वेला किंवा पश्चिमेला दोन अंश कलली तर मध्यान्ह आठ-दहा मिनिटांनी चुकू शकतो; ती समतल आहे का ते पाणी भरलेल्या पारदर्शक बाटलीतल्या बुडबुड्यावर बघता येतं. शून्य सावलीचा दिवस मात्र विसरावा: मुंबईत तो मे महिन्याच्या मध्याला, शाळा बंद असताना, आणि जुलैअखेरीस, ढगांखाली.

मंगळवार आम्ल-आम्लारीचा. हळदीचे दर्शक कागद करताना हळद पाण्यात कालवू नये, तिचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दोन चमचे हळद ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये घोळून, कापडातून गाळून घ्यावी. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे काम शिक्षकांनी आदल्या दिवशी, ज्योतीपासून लांब करायचं. कागद टीपकागदासारखा, १ × ५ सेंमीच्या पट्ट्या, गटाला बारा म्हणजे वर्गाला ९६. जुलैत पट्ट्या सुकत नाहीत आणि आठवड्यात बुरशी धरते; घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ घातले की टिकतात. गोकर्ण सोपा: दहा-बारा फुलं १०० मिली गरम पाण्यात. लिंबाने जांभळट गुलाबी, धुण्याच्या सोड्याने हिरवा.

हमखास होणारा घोळ खाण्याच्या सोड्याचा. तो इतका सौम्य आम्लारिधर्मी आहे की हळदीची पट्टी जेमतेम केशरी होते, आणि निम्मे गट ‘उदासीन’ लिहून मोकळे होतात. तीच पूड गोकर्णात घातली की हिरवट निळी होते. एकाच पदार्थाला दोन दर्शक लावून बघणं ही मंगळवारची खरी कृती आहे, म्हणून खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही शेजारी ठेवावेत. चुन्याची निवळी काठोकाठ भरलेल्या बाटलीतच ठेवावी. अर्धी बाटली क्रेटमध्ये राहिली की वर पांढरी साय धरते आणि पुढच्या मंगळवारी फुंकून काहीच होत नाही. फुंकायच्या नळीला पाण्याच्या बऱ्याच वर टाचणीने भोक पाडावं. मग कोणी चुकून ओढलं तर हवा येते, निवळी तोंडात जात नाही. चुन्याचा गाळ मुलांच्या हाती देऊच नये, डोळ्यात उडाला तर इजा होते. पांढऱ्या सदऱ्यांवरचे हळदीचे डाग साबण लावताच लाल होतात आणि पालकांचे फोन येतात. धुवून उन्हात वाळवला की डाग फिका होत जातो, हे आधीच वहीत लिहून पाठवलेलं बरं.

बुधवार गणिताचा: वर्गाचा १:५० प्रमाणात नकाशा. खोली ६ × ७.५ मीटर असेल तर कागदावर १२ × १५ सेंमी. शिंप्याची टेप १५० सेंमीची, त्यामुळे सहा मीटरला चार वेळा टाकावी लागते आणि प्रत्येक टाकीला बोटाची जाडी वाढते. आठ गटांचे आठ आकडे फळ्यावर लिहून फरक कुठून आला ते विचारायचं. बाकी सगळं सुरळीत चालतं.

गुरुवारी फोल्डस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने काढलेला घडीचा सूक्ष्मदर्शक. भिंग सुमारे १४० पट मोठं दाखवतं. गटाला एक, माणशी दोन मिनिटं धरली तरी एका पट्टीला १२ मिनिटं जातात, म्हणून ४० मिनिटांत तीनच नमुने ठेवावेत. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा ५ मिमीचा, पाण्याचा एक थेंब, आयोडीनचा एक, दोन मिनिटं थांबायचं. काळ्या काठाचं गोल गरगरीत दिसलं की ती पेशी नव्हे, हवेचा बुडबुडा. आच्छादक काच तिरकी टेकवून हळू सोडली की तो टळतो. आठ महिन्यांत कागद एकाचाही फाटला नाही. बिघडतं ते भिंग, त्यावर कांद्याचा रस आणि बोटांचे ठसे बसतात. दर महिन्याला ओलसर कापसाने पुसावं. दिव्याची बटणबॅटरी रात्रभर चालू राहून संपते, म्हणून क्रेट बंद करताना गटप्रमुखाने आठही दिवे बघायचे.

शुक्रवार भाषेचा, आठवड्यातल्या नोंदींवरून भित्तीपत्रक. हा सर्वात कच्चा दिवस. सुंदर अक्षराची दोन मुलं लिहितात, चार शेंदरी किनार रंगवतात. अर्धा गुण इथे गेला.

शनिवारी अर्धी शाळा, म्हणून चालत जाता येईल तेवढंच. समुद्र जवळ असेल तर कोकणातला पाऊणपटीचा हिशेब शिकवावा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. सकाळी साडेआठ-नऊला पाणी लांब हवं तर तृतीया किंवा चतुर्थीचा शनिवार शोधायचा. उधाणही नुकतंच गेलेलं असतं, त्यामुळे वाळू भरपूर उघडी पडते. छापील भरतीपत्रकाशी ताडून बघितलं तर हिशेब कधी पाऊण तास, कधी तासभर चुकतो, म्हणून किनाऱ्यावर जायच्या वेळा पत्रकावरूनच ठरवायच्या. किनाऱ्यावर चार मीटर सुतळीला दर मीटरवर गाठ मारून केलेला चौरस टाकायचा आणि आतली खेकड्यांची बिळं, शिंपले, प्लास्टिकचे तुकडे मोजायचे. भरतीरेषेवर एक चौरस आणि पाण्याजवळ एक, आकडे फार वेगळे येतात.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी रोज ४८ जणांच्या होत नाहीत. रोज दोनच गट नीट बघायचे, चार दिवसांत आठ होतात, आणि ‘प्रात्यक्षिक’ व ‘उपक्रम’ हे रकाने आपसूक भरतात.

जूनसाठी क्रेटची यादी: नवीन बाटल्या चार, बटणबॅटऱ्या सोळा, आच्छादक काचांची एक डबी (वर्षात निम्म्याहून जास्त फुटल्या), शिंप्याच्या टेपा आठ, टीपकागद, आणि वर्गाला दोन बादल्या. मजल्यावर नळ एकच आहे.