फाउंडेशन्सच्या एका बॉक्समधून चौघांचा ड्राफ्ट-संच: काय मिळतं, काय कमी पडतं

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या गटाला कधी ना कधी स्वतःचा ड्राफ्ट-संच हवासा वाटतो. तोच क्यूब: आपण निवडलेल्या कार्डांचा कायमचा गठ्ठा, ज्याचे दर वेळी नवे पुडे लावायचे, ड्राफ्ट करायचा (पुडे फिरवत प्रत्येकानं एकेक कार्ड उचलायचं आणि त्यांतून आपला डेक, म्हणजे खेळायची गड्डी, बनवायची), खेळून झालं की सगळं परत डब्यात. मग प्रश्न येतो तो पैशांचा. सुटी कार्डं एकेक करून जमवायची, की एक बंद बॉक्स घेऊन त्यातून निवडायची? १५ नोव्हेंबर २०२४ला आलेल्या ‘फाउंडेशन्स’ या मालिकेचा प्ले बूस्टर बॉक्स (बूस्टर म्हणजे कार्डांचा बंद पुडा) इथे फक्त या एका कामासाठी तपासला आहे. बूस्टर फोडण्याची मजा, महागडं कार्ड निघण्याची आशा, हे सगळं बाजूला ठेवलं आहे.

मत आधीच सांगतो. चार जणांच्या १८० कार्डांच्या संचासाठी हा बॉक्स उत्तम कच्चा माल आहे. आठ जणांच्या ३६० कार्डांच्या संचासाठी तो एकटा पुरत नाही. त्यासाठी एकसारखाच दुसरा बॉक्स घेणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग.

बॉक्समध्ये ३६ बूस्टर, प्रत्येकात खेळायची १४ कार्डं, म्हणजे एकूण ५०४. एका बूस्टरमध्ये साधारण ७ कॉमन, ३ अनकॉमन, १ रेअर किंवा मिथिक (सहज मिळणाऱ्यापासून दुर्मीळापर्यंतचे हे दर्जे), १ कुठल्याही दर्जाचं कार्ड, १ फॉइल (चकचकीत छपाईचं कार्ड) आणि १ लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ‘माना’ ही शक्ती देणारं कार्ड). या मालिकेत कॉमन ८० आणि अनकॉमन १०१ आहेत. त्यामुळे बॉक्समधल्या अडीचशे कॉमनांत प्रत्येकाच्या सरासरी तीन प्रती येतात. अनकॉमन मात्र सरासरी एकच, आणि सरासरी एक असली की काही दोनदा येतात, काही येतच नाहीत. एखादी थीम ठरावीक अनकॉमन कार्डांवर उभी करायचा बेत असेल तर बॉक्स फोडण्याआधी तो पक्का करू नका. आधी काय आलं ते रंगवार मांडा, बेत नंतर.

१८० हा आकडा चार जणांच्या हिशोबातून येतो. ड्राफ्टमध्ये प्रत्येकाला ४५ कार्डं मिळतात, त्यातली २२-२३ डेकमध्ये जातात, १७ लँड बाहेरून घेऊन ४०चा डेक होतो. पण चौघांना १५-१५ कार्डांचे तीन पुडे देऊ नका. चारच जण असले की एकच पुडा चार वेळा हातात येतो आणि कुणी काय उचललं ते सगळ्यांना पाठ होतं. त्याऐवजी ९ कार्डांचे पाच पुडे द्या. बेरीज तीच, ४५. पहिल्या पुड्यातलं कार्ड परत येईल की नाही याची धाकधूक मात्र शिल्लक राहते. त्या दिवशी दोघंच आले तरी हाच संच चालतो. दोघांसाठीच्या पद्धतींपैकी विन्स्टन ड्राफ्टला ९० कार्डं लागतात, ग्रिड ड्राफ्टला ९ कार्डांच्या १८ चौकटी, म्हणजे १६२.

१८०ची विभागणी अशी बसते: पाच रंगांची प्रत्येकी २७, दोन रंगांची १५, रंगहीन १० आणि लँड २०. एका रंगाच्या २७ कार्डांत ११ वेगवेगळी कॉमन, त्यांतल्या सर्वांत उपयोगी चारांची दुसरी प्रत, ९ अनकॉमन आणि ३ रेअर. क्यूबमध्ये प्रत्येक कार्ड एकदाच असावं असा आग्रह बरेच जण धरतात. मोठ्या संचात तो योग्य आहे. १८०च्या संचात, त्यातही नवखे खेळाडू असताना, दुसरी प्रत ठेवलेलीच बरी. बॉक्समधून या प्रती आपोआप मिळतात, आणि सुट्या कार्डांपेक्षा बॉक्स सरस ठरतो तो नेमका इथेच.

निवड नेहमी कॉमनपासून सुरू करा. याच्या उलट केलं की संच हमखास फसतो. ‘ओम्निसायन्स’ किंवा ‘डबलिंग सीझन’ निघालं की घरात आनंदीआनंद होतो आणि दोन्ही पहिल्या फटक्यात संचात जातात. पण ‘ओम्निसायन्स’ला १० माना लागतात. १७ लँडच्या डेकमध्ये १० लँड टेबलावर येईपर्यंत डाव कधीच संपलेला असतो. ‘डबलिंग सीझन’ ५ मानाचं आहे आणि टोकन (कार्डाऐवजी खूण ठेवून उभं केलेलं पात्र) किंवा काउंटर (कार्डावर ठेवायची खूण) बनवणारी कार्डं सोबत नसतील तर ते नुसतं पडून राहतं. अशी कार्डं संग्रहात ठेवा, विका, बदला. संचात नको. याउलट ‘बर्स्ट लाइटनिंग’सारखं साधं कॉमन बघा. १ मानात २ डॅमेज, आणि ४ माना जास्त दिल्या तर ४ डॅमेज. दुसऱ्या फेरीतही कामाचं, नवव्या फेरीतही कामाचं. दुसरी प्रत ठेवावी ती अशा कार्डाची.

रिमूव्हल, म्हणजे समोरच्याचं क्रीचर (लढणारं पात्र) हटवणारी कार्डं, संपूर्ण संचात २४च्या आसपास असू द्या: काळ्यात ६, लालमध्ये ६, पांढऱ्यात ५, निळ्यात ४ आणि हिरव्यात ३. चौघांत वाटून सरासरी ६ येतात. प्रत्येकाला काही तरी उत्तर मिळतं, पण इतकंही नाही की टेबलावर एकही क्रीचर टिकू नये. ‘बेक इंटू अ पाय’ आणि ‘बॅनिशिंग लाइट’ ही या मालिकेतली भरवशाची कार्डं. हिरव्याला थेट मारणारी कार्डं देऊन समतोल साधू नका. त्याला आपलं क्रीचर समोरच्याशी भिडवणारी कार्डं द्या. नाही तर पाचही रंग एकसारखे खेळायला लागतात आणि ड्राफ्टमध्ये रंग निवडण्याला अर्थच उरत नाही.

कर्व्हचा, म्हणजे किती मानाची किती कार्डं याचा, हिशोब प्रत्येक रंगासाठी वेगळा मांडा. २७ कार्डांत १ मानाची ४, २ची ८, ३ची ६, ४ची ५, ५ची ३ आणि ६ किंवा त्याहून महाग फक्त १. पहिल्यांदा संच लावणाऱ्यांकडे २ मानाची कार्डं कायम कमी पडतात, कारण ती बघायला फिकी असतात आणि निवडताना आपसूक बाजूला सारली जातात. मग डाव चौथ्या फेरीपर्यंत सुरूच होत नाही आणि ज्याला महागडं क्रीचर मिळालं तो जिंकतो. क्रीचर साधारण १५ ठेवा, हिरव्यात १७, निळ्यात १३.

थीम हा निवडीतला सगळ्यात नाजूक भाग, आणि फाउंडेशन्स सगळ्यात जास्त आवडतं ते इथे. एखादी थीम चालायला तिला पोसणारी ८-१० कार्डं लागतात. दहा रंगजोड्यांना प्रत्येकी दहा वेगळी कार्डं द्यायला १८०मध्ये जागा नाही. म्हणून कार्ड निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे दुसऱ्या कुठल्या डेकमध्ये जाईल? ‘हीलर्स हॉक’ घ्या. १ मानाचा, उडणारा, मारलं की आपला जीव (खेळाडूचे गुण) वाढवणारा १/१ (ताकद १, टिकाव १) पक्षी. पांढऱ्या-काळ्याच्या जीव वाढवणाऱ्या डेकला तो हवा, पांढऱ्या-निळ्याच्या उडणाऱ्या डेकलाही हवा. ‘अजानीज प्राइडमेट’ जीव वाढला की स्वतः वाढतो. त्याला हॉक लागतो, हॉकला तो लागत नाही. म्हणून हॉक दोन, प्राइडमेट एक. ‘स्कोर्ड बॅरन्स’सारख्या दोन रंगी लँड टेबलावर येताना १ जीव देतात, तेवढ्यानंही प्राइडमेट वाढतो. लँडसुद्धा थीममध्ये मोजायची असते हे इथे नीट कळतं. या मालिकेतली कार्डं अशी एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि तरीही एकेकटी वाचायला सोपी आहेत. नवख्या माणसाला शिकवताना याची किंमत कळते.

पात्रांच्या जातीवर चालणारी कार्डं मात्र हात राखून घ्या. ‘लॅनोवर एल्व्हज’ एकटा असला तरी पहिल्या फेरीत उतरून दुसऱ्या फेरीपासून माना देतो, तो हवाच. ‘एल्व्हिश आर्चड्रुइड’ला आजूबाजूला एल्फ लागतात. हिरव्याच्या २७मध्ये बारा एल्फ भरले तर बाकीच्या तीन हिरव्या जोड्या उपाशी मरतात.

आता बॉक्सच्या उणिवा. पहिली आणि सगळ्यात गैरसोयीची म्हणजे बेसिक लँड, म्हणजे एकाच रंगाची माना देणारी साधी लँड. बूस्टरमागे लँडची जागा एकच, त्यातही कधी बेसिक, कधी दोन रंगी. चौघांना एका बैठकीत ६८पर्यंत बेसिक लागतात आणि कुठला रंग जास्त खेळला जाईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक रंगाच्या २०, एकूण १०० बेसिक वेगळ्या जमवाव्या लागतात. ओळखीतल्या जुन्या खेळाडूंकडे या पडून असतात, आधी तिथे विचारा. नसतील तर ‘फाउंडेशन्स जंपस्टार्ट’चे काही पुडे घेणं परवडतं. त्यांतल्या २० कार्डांच्या प्रत्येक पुड्यात लँड भरपूर असतात. मात्र संचाचा मुख्य माल म्हणून जंपस्टार्ट घेऊ नका. दोन पुडे एकत्र करून लगेच खेळायचं, यासाठी ते बनवलेलं आहे. निवडीला त्यात फारसा वाव नाही.

दुसरी उणीव फॉइलची, आणि नागपुरात ती जास्त भोवते. ३६ बूस्टरमध्ये किमान ३६ फॉइल. फॉइलच्या पुढच्या बाजूचा चकचकीत थर ओल शोषत नाही, मागचा कागद शोषतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत कागद आकसतो, कार्ड एका बाजूला वाकतं. त्याच खोलीत संध्याकाळी कूलर सुरू झाला की कागद फुगतो आणि कार्ड उलट बाजूला वळतं. पावसाळ्यात ते तसंच राहतं. वाकलेलं कार्ड स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) घातलं तरी गड्डीत ओळखू येतं, म्हणजे ते खुणेचं पान झालं. ज्या फॉइलची साधी प्रत आहे तिथे साधीच वापरा. दुसरी प्रत नसेल तर ते कार्ड संचात न घेणंच बरं, कितीही देखणं असलं तरी. याच कारणासाठी संग्राहकांसाठीचे कलेक्टर बूस्टर या कामाला बाद. त्यात बहुतेक फॉइलच असतात.

तिसरी उणीव दोन रंगी लँडची. दहा प्रकारांच्या प्रत्येकी दोन हव्यात, आणि बॉक्समधून नेमक्या तशा जुळून येणं कठीण. उरलेल्या सुट्या मागवा. या लँड कॉमन दर्जाच्या आहेत आणि २०१४च्या ‘खान्स ऑफ तारकीर’पासून पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या आहेत, त्यामुळे कुठल्याही मालिकेतली प्रत चालते. बाहेरगावाहून मागवताना बेसिक, दोन रंगी लँड आणि राहिलेली अनकॉमन यांची यादी एकत्र करून एकाच वेळी ऑर्डर द्या. पाच-दहा रुपयांच्या कार्डावर कुरिअरचा खर्च चढला की सुट्या कार्डांचा सगळा फायदा जातो.

किंमत सतत बदलते, म्हणून इथे आकडा देत नाही, पण ताळा करायची रीत देतो. बॉक्सच्या किमतीला ५०४नं भागू नका. संचात खरोखर जाणाऱ्या कार्डांनी भागा. बॉक्समधून १५०-१६० कार्डं संचात गेली तर निवड चांगली झाली. तो भाव सुट्या कॉमन-अनकॉमनच्या सरासरी भावाशी ताडून पाहा. संग्रहात आधीच शंभरेक चांगली कॉमन असतील तर बहुतेक वेळा सुटी कार्डंच स्वस्त पडतात. काहीच नसेल तर बॉक्स.

स्लीव्ह घेताना कंजूसपणा नको. कार्डाचं माप ६३ गुणिले ८८ मिमी, त्याला ६६ गुणिले ९१चं स्लीव्ह बसतं. १८० कार्डं आणि १०० बेसिक मिळून २८०, म्हणजे शंभराची तीन पाकिटं. चौथं त्याच वेळी, त्याच रंगाचं घेऊन ठेवा. नंतर घेतलेल्या पाकिटाची छटा किंवा गुळगुळीतपणा वेगळा निघाला तर पुन्हा खुणेच्या पानांचा प्रश्न. पाठ पूर्ण अपारदर्शक हवी. लँडलाही तेच स्लीव्ह, यात सूट नाही. टेबलावर तर्री-पोहे येणार असतील तर डाव थांबवा, हात धुवा, मग पिसा. तर्रीचं तेल स्लीव्हच्या तोंडातून आत गेलं की कार्डाच्या कडेवर कायमचं राहतं. स्लीव्हसकट शंभर कार्डांची साधारण ६ सेंमी जाडी होते, त्यामुळे २०-२२ सेंमी लांबीचा डबा पुरतो. रंगवार दुभाजक सीताबर्डीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून जाड कार्डशीट आणून घरी कापता येतात. डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, कूलरच्या झोतासमोरही नको.

एखादं कार्ड विकत घेण्याआधी आजमावायचं असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर नाव, माना आणि मजकूर लिहून ती बेसिक लँडच्या पुढे स्लीव्हमध्ये सरकवा. घरच्या चाचणीला एवढं पुरतं. शेवटी कुणालाच नको म्हणून उरलेली कार्डं प्रत्येक ड्राफ्टनंतर वहीत टिपत जा. तीन बैठकांत तेच नाव शेवटी उरलं तर ते काढा. एका वेळी ५ ते ८ कार्डंच बदला. जास्त बदललं की कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही.

पुढे सहा जण जमायला लागले की २७० कार्डं लागतात. तेव्हाची ९० दुसऱ्या मालिकेतून घ्या. फाउंडेशन्समध्ये दोन प्रतींनी भरलेल्या जागा आधी मोकळ्या करा, प्रत्येक रंगाची ४, म्हणजे २० जागा. मग त्यांसकट ११० नवी कार्डं त्याच कर्व्हच्या प्रमाणात बसवा. रिमूव्हल २४वरून ३६वर न्यायला विसरू नका. बेसिकही प्रत्येक रंगाच्या २०च्या ३० कराव्या लागतात, आणि स्लीव्हचं ते चौथं पाकीट इथेच उघडतं. तरीही एकूण ४२० कार्डांना आणखी एक पाकीट लागेलच.