शेताला आणि घराला एकच रायफल: .३१५ स्पोर्टिंगचं परीक्षण

मुळशी, भोर, पुरंदर, शिरूर या पट्ट्यात शेतघर असलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. हत्यार एकच घ्यायचं आहे. भुईमुगात रानडुकरं शिरली तर तेच वापरायचं, रात्री दारावर कुणी चालून आलं तरी तेच. .३१५ चालेल का? शेतात चांगली चालते, घरात नाइलाजाने चालते. ती कशी लावायची हे कळलं नसेल तर मात्र दोन्हीकडे घात करते.

आधी कायदा, कारण त्यावरच खरेदी ठरते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार आपल्याकडे उरलेली नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचं तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते. जुन्नर-आंबेगावचा बिबट्या हा तर विषयच नाही. तिथे १९२६ वर वनखात्याला फोन करायचा. भीमाशंकर किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल, तर शस्त्र परवान्याची नोंद वनखात्याकडेही करावी लागते. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते.

परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि ती अपुरी पडेल अशी खात्री पटली तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचं. रायफलीसाठी सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून अर्जात नुसतं ‘स्वसंरक्षण’ लिहून थांबू नका. नुकसानीचे पंचनामे, सातबारा, वनखात्याशी झालेला पत्रव्यवहार जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे.

आता हत्यार. .३१५ बनते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. हिचा सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा. .३०३ हे लष्करी बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप) सामान्य माणसाला बंद, म्हणून त्याच घडणीवर ८ मिलिमीटरचं वेगळं काडतूस बसवलं गेलं. मॅगझिन पाच काडतुसांचं. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम, बोथट नाकाची. नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ६०० मीटर, म्हणजे ऊर्जा २,८०० ज्यूलच्या आसपास. शंभर मीटरच्या आत मोठ्या डुकराला एका गोळीत खाली बसवायला एवढं भरपूर आहे. आजच्या वेगवान काडतुसांसारखी ही गोळी सपाट जात नाही. पण रानडुकराचं काम ३० ते ८० मीटरचं असतं, तिथे तो फरक जाणवत नाही.

अडचण देणारा भाग आहे काडतुसाची रिम. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे यायला हवी. ती मागे अडकली की बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा सरकता भाग) पुढे ढकलताना दोन्ही काडतुसं एकमेकांना धरून बसतात आणि रायफल ऐनवेळी मुकी होते. म्हणून एकेक काडतूस बसवताना ते मागे टेकवायचं नाही, किंचित पुढे सरकवून दाबायचं. पाचऐवजी चारच भरा, स्प्रिंगवर ताण कमी येतो आणि काडतुसं नीट बसतात. अडकलंच तर जोर लावू नका. बोल्ट पूर्ण मागे घ्या, मॅगझिन काढा, रिकामं करून पुन्हा भरा.

दुसरी खोड बोल्टची. या घडणीत घोडा बोल्ट बंद करताना चढतो, त्यामुळे शेवटच्या इंचभरात हाताला स्प्रिंग लागते. नवखा माणूस तिथे हात सैल सोडतो, दांडा पूर्ण खाली बसत नाही आणि चाप ओढला तरी बार होत नाही. मागे ओढतानाही अर्धवट ओढलं तर रिकामी पुंगळी आतच राहते. याला एकच इलाज: डमी काडतुसांवर रोज वीस-पंचवीस वेळा पूर्ण मागे, पूर्ण पुढे, पूर्ण खाली. हात बसला की ही बोल्ट वेगवान आहे, या बाबतीत तिला नाव ठेवायला जागा नाही.

दुर्बीण लावायची का? बहुतेक जण इथेच पैसे घालवतात. या सांगाड्यावर दुर्बिणीसाठी तयार भोकं नसतात. माउंट बाजूने बसवावा लागतो, आणि तो परवानाधारक गनस्मिथकडूनच. नळीच्या अगदी वर दुर्बीण आली तर काडतुसं वरून भरता येत नाहीत. घरात चार मीटरवर तर ती अडथळाच. शेत आणि घर दोन्ही सांभाळायचं असेल तर आमचं मत लोखंडी साइटच्या, म्हणजे रायफलीवरच्या साध्या नेमखुणांच्या, बाजूने आहे. माशीच्या (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमखूण) टोकाला पांढऱ्या इनॅमलचा बारीक ठिपका द्या, संधिप्रकाशात एवढ्याने मोठा फरक पडतो. डोळ्यांमुळे दुर्बीण लागतच असेल तर १ ते ४ पट वाढ पुरे. डोळ्यापासूनचं अंतर किमान ९ सेंटिमीटर मिळायला हवं, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

नेम १०० मीटरवर जुळवा. तेव्हा गोळी ५० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर वर आणि १५० वर १३-१४ सेंटिमीटर खाली लागेल. त्यामुळे ५० मीटरची रेंजच मिळाली तरी काम होतं: ५० वर ३ सेंटिमीटर वर लागेल असं जुळवायचं. माशी हलवताना उलटं लक्षात ठेवावं लागतं. गोळी उजवीकडे जात असेल तर माशी उजवीकडेच सरकवायची, आणि वर जात असेल तर उंच माशी लावायची. तीन-तीन बारांचे गट पाहून निर्णय घ्या, एका बारावर नाही. शेतात बांधावर डबा ठेवून नेम जुळवणं बेकायदा आणि धोक्याचं आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातली रेंज ऑलिंपिक नेमबाजीची आहे, त्यामुळे मोठ्या बोअरला परवानगी असलेली रेंज आधी विचारून शोधावी लागते.

काडतुसं एकाच लॉटची घ्या. लॉट बदलला की नेम पुन्हा तपासायचा. पुंगळीच्या मानेला चीर किंवा हिरवट गंज दिसला तर ते काडतूस बाजूला. चाप ओढून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. बार फुसका वाटला तर पुढचं काडतूस मुळीच भरायचं नाही. आधी बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा, कारण अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी गेली की नळी फुटते.

टॉर्च हवाच, कारण दोन्ही कामं अंधारातली. बोल्ट चालवायला दोन्ही हात लागतात, हातात बॅटरी धरून ही रायफल चालत नाही. क्लॅम्प नळीला लावू नका. नळीवर वजन आलं की गोळीची जागा बदलते. पुढच्या लाकडाला बसवा आणि टॉर्च लावलेल्या अवस्थेतच नेम तपासा. धक्क्याने स्क्रू ढिले होतात, त्यांना धागा पकडणारा निळा गोंद लावा. प्रकाश कमी-जास्त करता येणारा घ्या: शेतात लांब झोत लागतो, पण तोच घरात पांढऱ्या भिंतीवर आपटून तुमचेच डोळे दिपवतो. डुकराच्या परवानगीत रात्रीच्या वापराबद्दल काही अट असेल तर ती पाळायची.

शेतात सर्वांत मोठी काळजी गोळीच्या पुढच्या प्रवासाची. ही गोळी चुकली तर किलोमीटर-दोन किलोमीटर सहज जाते. शेतीपंपाची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून पाणी द्यायला माणसं उसात, मक्यात फिरत असतात. जनावर पूर्ण ओळखल्याशिवाय आणि मागे मातीचा उतार असल्याशिवाय चापाला बोट लावू नये. मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते. दुरून दिसण्यासाठी नाही, त्यासाठी मचाण हवं.

आता घर. रायफल साडेतीन फुटांच्या आसपास लांब, घरातलं पॅसेज तीन फूट रुंद. वळताना नळी भिंतीला लागते, खांद्याचा पट्टा दाराच्या कडीत अडकतो, म्हणून पट्टा काढता येणारा घ्या. गोळी पत्रा, जिप्सम आणि फ्लश डोअर सहज ओलांडते. साडेचार इंची विटेच्या पार्टिशनवरही भरवसा नको. पलीकडे कोण झोपलंय हे आधी माहीत हवं. बंद खोलीत या काडतुसाचा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो, एका बारात कान कायमचे जाऊ शकतात. म्हणून लॉकरमध्ये रायफलीशेजारी कानाचे मफ असू द्या.

त्यामुळे घरात हिला एकच जागा: सगळ्यांना एका खोलीत घ्या, कडी लावा, ११२ ला फोन करा, आणि त्या दाराकडे तोंड करून थांबा. घरभर शोधत फिरायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जरुरीपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता हे दिसलं तर तो हक्कही राहत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर बार म्हणजे तुमच्यावर गुन्हा.

घराचं संरक्षण हेच मुख्य कारण असेल आणि डुक्कर वर्षातून एकदा येत असेल, तर सरळ १२ बोअरची दुनळी घ्या. मोठ्या छऱ्याने २५-३० मीटरपर्यंत डुकराचं काम होतं, परवान्याची वाट सोपी, आणि छरे रायफलच्या गोळीपेक्षा लवकर जोर गमावतात. काडतुसं पुण्यातच, १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. रायफल त्यांनीच घ्यावी ज्यांचं शेत लांबलचक आहे आणि नासाडी दर हंगामाची आहे.

साठवण: भिंतीत बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट. रायफलीची नळी रिकामी, भरलेलं मॅगझिन वेगळ्या कुलपात. गावाला जाताना बोल्ट काढून तिसरीकडे. मुळशीच्या पावसात कापडी किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली रायफल आठवड्यात गंज धरते. कव्हर फक्त प्रवासाला, कपाटात सिलिका जेल. बार झाला की त्याच दिवशी बोल्ट काढून मागच्या बाजूने पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, मग तेलाची. पुन्हा वापरण्याआधी नळीतलं तेल पुसून काढा, नाहीतर पहिली गोळी भरकटते. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला दाबतं, म्हणून दिवाळीआधी नेम एकदा तपासाच.

दुकानात घेताना बोल्ट काढून नळीत उजेड टाका, आट्या (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) धारदार आणि टोक गोल दिसायला हवं. पाच डमी काडतुसं भरून सगळी वेगाने चालवून पाहा. सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, मग सेफ्टी काढा: घोडा त्या क्षणी पडला तर ती रायफल नको. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर पोलीस ठाण्याची पोच घ्या. परत आणताना बोल्टवरचा क्रमांक जुळवून घ्या. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, पण काडतुसामागचं अंतर बदलतं आणि पुंगळी फाटते.