विश्रामबागेतले औषध दुकान: काउंटरपलीकडची जबाबदारी

सांगलीत विश्रामबाग भागात आम्ही नेहमी ज्या दुकानातून औषधे घेतो, त्याच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. छापील किमतीवर याहून जास्त सूट देणारी दुकाने मिरज रस्त्यावर सहज सापडतील. तरीही मी इथेच जातो, कारण गिऱ्हाइकाच्या प्रकृतीकडे लक्ष देणे हे आपले कामच आहे, असे इथले फार्मासिस्ट धरून चालतात.

मध्यंतरी एका गृहस्थांनी तापासाठी सेफिक्झिम हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) मागितले. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. मागच्या वेळी याच गोळीने गुण आला होता, एवढाच आधार. “साहेब, ताप कशाचा आहे ते आधी डॉक्टरांना बघू द्या, मग मीच देतो,” असे म्हणून फार्मासिस्टनी पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवली. हे औषध एच-१ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका सरकारी यादीत मोडते आणि १ मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. गृहस्थ रागावून निघून गेले. ती गोळी पुढच्या एखाद्या दुकानात त्यांना मिळालीही असेल.

एवढे तर नियम पाळणाऱ्या कोणत्याही दुकानात व्हायला हवे. खरा फरक मला दिसला तो रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका आजींच्या वेळी. गुडघेदुखीसाठी त्या महिनाभर शेजारणीने दिलेली डायक्लोफिनॅक घेत होत्या, हे बोलता बोलता निघाले. अशा वेदनाशामकांनी रक्तदाब वाढू शकतो, आणि टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या औषधाबरोबर ती रोज घेतली तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. आजींनी वेदनाशामक मागितलेही नव्हते, त्यामुळे गप्प राहून बिल केले असते तरी फार्मासिस्टना कोणी दोष दिला नसता. त्यांनी रांग थांबवून आजींच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सुचवलेली दुसरी गोळी कशी घ्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून दिले.

आपण कोणाचे वाईट केले नाही म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याच्या आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ नको, हा त्यांचा मुद्दा सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. पण समोरच्या माणसाला होऊ घातलेला अपाय ज्याला दिसतो आणि जो दोन वाक्यांत तो टाळू शकतो, त्याच्या गप्प बसण्याला तटस्थपणा म्हणणे मला पटत नाही. अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार देणे हे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. फार्मासिस्टच्या बाबतीतही २०१५ च्या फार्मसी व्यवसायाच्या नियमावलीत रुग्णाला समजावून सांगणे हा कामाचाच भाग धरला आहे; मात्र बहुतेक काउंटरवर ‘सकाळी एक, रात्री एक’ याच्या पलीकडे आपण काही ऐकत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभाग या वस्तीतून आलेल्या अनेकांच्या गोळ्या आणि कागदपत्रे पाण्यात गेली होती. त्या दिवसांत या दुकानाने ज्याच्या त्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या चार-पाच दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या, असे आमच्या शेजाऱ्यांनी सांगितले. पैसे नंतर आणून द्या, असेही म्हटले होते म्हणे.

एक गोष्ट मात्र खटकते. काळजीपोटी विचारलेले प्रश्न इथे सगळ्या रांगेला ऐकू जातात; स्त्रियांचे आजार किंवा झोपेच्या गोळ्या यांबद्दल असे उघड्यावर बोलायला माणूस संकोचतो, आणि संकोचलेला माणूस खरे सांगत नाही. काउंटरच्या एका टोकाला आडोसा करून दोन खुर्च्या ठेवल्या तर ही अडचण सुटेल, असे मी त्यांना सुचवले आहे. संध्याकाळी गर्दी असते आणि प्रत्येकाशी बोलण्यात वेळ जातो, त्यामुळे घाई असेल तर सकाळी जावे. इन्सुलिन न्यायचे असल्यास ते बर्फाच्या पिशवीसह बांधून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.