प्रागला एकटं जाताना युरो फॉरेक्स कार्ड: घ्यावं, पण भरावं किती?

ठाण्यात नौपाड्यापासून स्टेशनपर्यंतच्या पट्ट्यात मनी एक्स्चेंजच्या कुठल्याही काउंटरवर ‘प्रागला जायचंय’ म्हणून पाहा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: “युरोच घ्या सर, सगळीकडे चालतो.” घोळ तिथूनच सुरू होतो. प्राग ज्या देशाची राजधानी तो चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण तिथलं चलन कोरुना. फॉरेक्स कार्ड, म्हणजे भारतातच आगाऊ पैसे देऊन युरो भरलेलं कार्ड, प्रागच्या मशीनवर चालतं, अगदी पहिल्या टॅपला चालतं. कापलं काय जातं ते संध्याकाळी अ‍ॅपमध्ये कळतं.

चार-पाच दिवसांच्या, एकट्याच्या ट्रिपसाठी या कार्डाला व्हिएन्ना, पॅरिस किंवा लिस्बनकरता पाचापैकी चार देता येतील. प्रागकरता अडीच, आणि तेही जोडीला मिळणाऱ्या दुसऱ्या कार्डामुळे.

आधी हिशेब. काउंटरवरच्या लाल आकड्यांच्या बोर्डावर ‘बाय’ आणि ‘सेल’ असे दोन दर असतात. आपण युरो घेतो तेव्हा लागतो ‘सेल’. गणिताला सोपं जावं म्हणून धरू की बाजारातला आंतरबँक दर (बँका आपसात लावतात तो) १०० रुपये आहे आणि काउंटर १०१.८० ने देतोय. ६०० युरो भरले तर ६१,०८० रुपये. म्हणजे १,०८० रुपये दरातच गेले. त्यावर चलन बदलण्याचा जीएसटी: एक लाखापर्यंतच्या रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे इथे साधारण ११० रुपये. कार्ड देण्याची आणि पैसे भरण्याची फी काही ठिकाणी वेगळी लावतात, काही ठिकाणी माफ करतात. म्हणून ‘दर काय?’ असं विचारू नका. ‘६०० युरो कार्डावर, सगळं धरून किती रुपये?’ असं विचारा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन काउंटरची तुलना या आकड्यावरच होते. शून्य कमिशनची पाटी लावणारा दरात वसूल करून घेतो, त्यात नवल काही नाही.

आता खरी गळती. बहुतेक मल्टीकरन्सी (अनेक चलनं भरता येणाऱ्या) कार्डांच्या चलनयादीत कोरुना नसतो. कोरुनातलं बिल आलं की कार्ड ते युरोच्या खिशातून भागवतं आणि त्यावर क्रॉस करन्सी शुल्क, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचं शुल्क, लावतं. ते बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत असतं, वर कर. आपण युरो घेताना १.८ टक्के मोजलेच होते, आता आणखी सुमारे ४.१. बेरीज सहाच्या जवळ. त्यापेक्षा घरातलं साधं क्रेडिट कार्ड, ज्याला सगळे महाग म्हणून नावं ठेवतात, ते ३.५ टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावर बँक दराच्या वर लावते ते शुल्क) आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्क्यांत काम भागवतं. फॉरेक्स कार्ड म्हणजे स्वस्त, हे समीकरण कार्डावरचं चलन आणि शहराचं चलन एकच असेल तरच खरं. बुडापेस्टला फोरिंट, क्राकोला झ्लॉटी, झुरिकला फ्रँक. फ्रँक अनेक कार्डांवर मिळतो, पहिले दोन क्वचित. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून युरोत आहे आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२६ पासून, तेव्हा काउंटरवर युरोच्या देशांची जुनी यादी चिकटवलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

मग प्रागसाठी काय? मुख्य खर्च शून्य मार्कअपच्या रुपया डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर. तिथे दर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्कचा लागतो, वर काही नाही. फॉरेक्स कार्डावर फक्त १५० ते २०० युरो, राखीव म्हणून. व्हिएन्नाही जोडलं असेल तर तिथल्या खर्चाएवढे वाढवा.

कार्ड घेताना पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाची प्रत लागते, ए-टू फॉर्मवर (परकीय चलन घेण्याच्या अर्जावर) सही करावी लागते. पैसे खात्यातून द्या. ५०,००० रुपयांच्या वर काउंटरला रोख घेता येत नाही. नोटांच्या रूपात परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरएवढंच मिळतं, पण चार दिवसांच्या प्रागला त्याच्या आसपासही जायची गरज नाही. टीसीएसची (चलन विकतानाच कापून घेतात त्या आयकराची) धास्ती काही जण घालतात. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत प्रवासासाठी चलन घेतलं तर तो कापत नाहीत. टूर पॅकेजचं गणित मात्र वेगळं. तिथे पहिल्या रुपयापासून कापतात.

किट हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी उघडा. हे कार्ड भारतात वापरता येत नाही, नेपाळ-भूतानमध्येही नाही. त्यामुळे पिन चालतो की नाही हे घराजवळच्या एटीएमवर तपासायची सोय नसते. जे तपासता येतं ते तपासून घ्या: अ‍ॅपमध्ये बॅलन्स युरोच्याच खान्यात दिसतोय ना (चुकून डॉलरमध्ये भरल्याचे प्रकार होतात), टॅप करून पैसे देणं आणि एटीएम ही दोन्ही बटणं चालू आहेत ना, नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना. ओटीपी ईमेलवरही यावा अशी नोंद करून घ्या. प्रागमध्ये ई-सिम टाकलं आणि भारतीय सिम बंद ठेवलं की ओटीपी हवेतच राहतो. आणि किटवर ठळक छापलेला १८०० चा टोल फ्री नंबर परदेशातून बहुधा लागतच नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर शोधून कागदावर लिहून ठेवा, फोन हरवला तरी हाती राहील असा.

एकट्या प्रवाशासाठी या सगळ्यात मोलाचं असतं ते किटमधलं दुसरं, पर्यायी कार्ड. ते बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण मागावं लागतं. दोघं असतील तर एकाचं पाकीट गेलं तरी दुसरा जेवण भागवतो. एकट्याला ती सोय नाही. एक कार्ड अंगावर, दुसरं हॉटेलच्या खोलीत बॅगेत, आणि रुपया कार्ड तिसरीकडे. तिन्ही एकाच गळ्यातल्या पाउचमध्ये घालून चार्ल्स ब्रिजच्या गर्दीत शिरायचं असेल तर तीन कार्डं घेण्यात काही अर्थ नाही.

हॉटेलची अनामत हा प्रीपेड कार्डाचा कच्चा दुवा. चेक-इनला काही हॉटेलं रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती चेकआउटनंतरही काही दिवस सुटत नाही. २०० युरोच्या कार्डावर १०० अडकले की राखीव निधी अर्धा झाला. अनामत क्रेडिट कार्डावरच द्या.

प्रागमध्ये मशीन समोर आलं की एक प्रश्न हमखास येतो: कोरुनात की रुपयांत? कार्ड भारतातलं असल्याने पडद्यावर रुपयांचा आकडा झळकतो, ओळखीचा वाटतो, आणि बोट तिकडे जातं. तिथे कोरुनाच निवडायचा. रुपये निवडले तर दुकानाची बँक स्वतःचा दर लावते, आणि फॉरेक्स कार्ड असेल तर एकतर व्यवहार नाकारला जातो किंवा कोरुना ते रुपये, रुपये ते युरो अशी दुहेरी कात्री लागते. वेटर घाईत स्वतःच बटण दाबून मशीन पुढे करतो. पडद्यावर सीझेडके (CZK, म्हणजे कोरुना) हीच अक्षरं आहेत का ते टॅप करण्याआधी बघा.

एटीएमवरही हाच खेळ, जरा जास्त चलाखीने. निळ्या-पिवळ्या युरोनेटच्या मशीन पर्यटकांच्या वाटेवर जागोजागी आहेत. त्यांना बगल देऊन चेस्का स्पोर्जितेल्ना, कोमेर्चनी बांका अशा बँकेच्या मशीनवर जा. तिथेही पडदा ‘हमीचा दर’ देऊ करतो. ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडलं तरी व्यवहार होतो, पैसे येतात. मशीनची फी असेल तर ती पडद्यावर दाखवतात. फी दर वेळी लागते म्हणून एकदाच २,००० कोरुना काढा. चार दिवसांना पुरतात, कारण ट्राममध्येसुद्धा मधल्या दारापाशी कार्ड टॅप करून तिकीट मिळतं. रोख लागते ती स्वच्छतागृहाला, बाजारातल्या छोट्या टपऱ्यांना आणि काही ठिकाणी शहर कराला. तो कर माणशी रात्री ५० कोरुना, चार रात्रींचे २००, आणि खोलीच्या भाड्यात तो दरवेळी धरलेला नसतो. मशीनने २,००० ची एकच नोट दिली तर ती सुपरमार्केटमध्ये मोडा. टपरीवाला तोंड वाकडं करतो.

युरोच्या नोटा नेऊन तिथे बदलायच्या असतील तर एक कायदा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १ एप्रिल २०१९ पासून चेक प्रजासत्ताकात १,००० युरोपर्यंतचा विनिमय तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. दर वाईट लागला असं बाहेर आल्यावर कळलं तर पावती घेऊन सरळ परत जा. पावतीच नसेल तर हा हक्क गाजवता येत नाही. रस्त्यात ‘चांगला दर देतो’ म्हणणाऱ्याकडे तर पावती नसतेच, आणि तो देतो त्या नोटा अनेकदा दुसऱ्याच देशाच्या, रद्दीच्या भावाच्या असतात. खऱ्या ५०० च्या नोटेवर लेखिका बोझेना नेम्त्सोव्हा, १,००० वर इतिहासकार पालात्स्की.

परतल्यावर कार्डावर युरो उरले तर २,००० डॉलरपर्यंतची शिल्लक पुढच्या प्रवासाला ठेवता येते. त्यावरची रक्कम १८० दिवसांत परत करायची. परत करताना लागतो बोर्डावरचा ‘बाय’. वरच्याच गणितात तो ९७.५० धरला तर ८० युरो उरल्यास ३४४ रुपयांचा फटका बसतो. वर्षभरात पुन्हा युरोच्या शहरात जाणं होणार असेल तर शिल्लक कार्डावरच पडू द्या, मात्र कार्ड न वापरल्याची फी कधीपासून लागते ते घेतानाच विचारून ठेवा. कोरुनाच्या नाण्यांना ठाण्यात कोणी विचारत नाही, नोटांनाही फारसं नाही. शेवटच्या सकाळी हॉटेलच्या बिलात आधी उरलेली रोख द्या आणि राहिलेली रक्कम कार्डावर टॅप करा. बहुतेक रिसेप्शनवाले हे हसून करून देतात.