कारची म्युझिक सिस्टीम: दुकानदाराचा भाव की ऑनलाइनची किंमत?

दुकानात स्पीकरचा भाव विचारायचा, बाहेर येऊन मोबाईलवर तोच मॉडेल नंबर टाकायचा आणि फरक बघून बुचकळ्यात पडायचं. सोलापुरात गाडीला सिस्टीम बसवायला निघालेल्या बहुतेकांचं हेच होतं. फरक खरा असतो. पण दोन्हीकडे एकाच गोष्टीचा भाव सांगितलेला नसतो. ऑनलाइनचा भाव फक्त खोक्याचा. दुकानाच्या भावात फिटिंग, कपलर (मूळ वायर न कापता जोडणी करणारा प्लग), वायर आणि पुढे काही वाजेनासं झालं तर गाडी घेऊन जायची सोय, हे सगळं धरलेलं असतं. निदान असायला हवं.

त्यामुळे आधी काम कोणतं ते ठरवा, मग भाव बघा.

दारातले कंपनीचे स्पीकर काढून त्याच मापाचे चांगले बसवायचे, एवढंच असेल तर मी स्वस्तात मिळेल तिथून घ्या म्हणेन. विक्रेता कंपनीचा अधिकृत असावा आणि पक्कं बिल मिळावं, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हात वर केले जातात. माप बघताना फक्त 6.5 इंच वाचून थांबू नका, स्पीकरची खोलीही बघा. मागचं मॅग्नेट जाड असेल तर काच खाली करताना त्याला अडते.

स्टिरिओच्या बाबतीत आकड्यांनी फसगत होते. खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेलं असतं, ती क्षणभराची कमाल ताकद. गाडी चालू असताना साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्यात स्टिरिओच्या आतल्या नेहमीच्या अँपमधून (अँप्लिफायर, आवाजाची ताकद वाढवणारा भाग) 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे 26 वॅटसुद्धा जेमतेम निघतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा. ऑनलाइन तो खाली बारीक अक्षरांत शोधावा लागतो, चांगला दुकानदार न विचारता सांगतो. आरएमएस विचारल्यावर जो ‘साहेब, आवाज ऐका ना’ म्हणून विषय बदलतो, त्याला जाणकारीचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. डेमो बोर्डावर ऐकताना दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजावर लावायला सांगा आणि गाणी तुमच्या ओळखीची असू द्या. जो मोठ्याने वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो.

वेगळा अँप्लिफायर आणि वूफर (बेसचा मोठा स्पीकर) घालायचा असेल तर मात्र माझं मत पक्कं आहे: कारागीर निवडा, भाव दुय्यम. 500 वॅट आरएमएसचा अँप भरात वाजताना बॅटरीतून 40-50 अँपिअर ओढतो. ती वायर बोनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, पायाखालच्या कार्पेटमधून डिकीपर्यंत जाते. स्वस्त वायरिंग किटमध्ये बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असतं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहून नेतं, म्हणजे तेवढ्याच जाडीची वायर जास्त तापते. टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की समजायचं. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अँपजवळ डिकीत लावला आणि मधे कुठे वायर घासून पत्र्याला टेकली, तर आग लागू शकते. इथे हजार-दोन हजार वाचवायला जाऊ नये.

फिटिंगमधली एक चूक तर घरी बसून पकडता येते. एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली गेली तरी आवाज येतोच, फक्त बेस पातळ होतो आणि गाणारा नेमका कुठून गातोय ते कळत नाही. बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवा. एकच बाजू वाजताना बेस भरदार वाटला, तर एक जोडणी नक्की उलटी आहे. लोक अशा वेळी स्पीकरला नावं ठेवतात आणि आणखी महाग जोड घेतात.

आपल्याकडे उन्हाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. दारात डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट चिकटवायची असेल तर ती ब्युटिलची (एक प्रकारचं रबर) आहे का, ते विचारून घ्या. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात मऊ होऊन सुटते आणि गाडीत वास धरते. हे ऑनलाइनच्या फोटोत दिसत नाही. इथल्या दुकानदाराने मात्र दोन-चार उन्हाळ्यांत अशी दारं उघडून पाहिलेली असतात.

माल ऑनलाइन, फिटिंग दुकानात, हा मधला मार्ग बरेचजण धरतात. जमतो, पण बिघाड झाला की दुकानदार मालाला दोष देतो, विक्रेता फिटिंगला, आणि आपण मधे लटकतो. साध्या स्पीकरसाठी ही जोखीम चालेल, अँपसाठी नको. पुण्यात पर्याय जास्त आहेत हे खरं, पण अ‍ॅक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून शिटी यायला लागली, तर अर्थिंग तपासायला अडीचशे किलोमीटर कोण जाणार?

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका. गाडीला जुळणारा कपलर मागा, त्याची किंमत काही शे रुपयांतच असते. वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला कारण मिळतं.

घासाघीस जरूर करा, पण मालावर. दुकानदाराला ऑनलाइनचा भाव सरळ दाखवा आणि माल व मजुरी वेगवेगळी सांगायला लावा. मालात तो थोडा उतरेल. मजुरीला पाडायला गेलात तर तो वायरमध्ये नाहीतर वेळेत काटकसर करणार. मजुरी पूर्ण द्या आणि बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: वायर कोणती वापरली, फ्यूज किती अँपिअरचा, आणि फिटिंगची तक्रार किती महिने फुकट बघणार.