पाणीपट्टी वाढणार: टक्क्यांत सांगावं की रुपयांत?

मुंबई महापालिकेने 2012 मध्ये धोरणच ठरवलं: पाण्याचे दर दरवर्षी जास्तीत जास्त 8 टक्क्यांपर्यंत वाढवता येतील. ‘8 टक्के’ ऐकायला किरकोळ. पण दरवर्षी पूर्ण वाढ झाली, तर साधारण नऊ वर्षांत दर दुप्पट होतो. शिवाय मलनिस्सारण आकार पाणीपट्टीच्या प्रमाणात लागतो, म्हणजे तोही सोबत चढतो. टक्क्यांच्या जाहीर सूचनेत यातलं काहीच दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती चोख असते. वाचतं कोण, हा भाग वेगळा.

रुपयांत सांगायला फार अक्कल लागत नाही. माणशी रोज 135 लिटर धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला सुमारे 16 हजार लिटर लागतात. हजार लिटरमागे एक रुपया वाढला की घरटी 16 रुपये. हे आजीलाही कळतं, आणि मग ती बरोबर विचारते, “पैसे वाढवा, पण पाणी सकाळी किती वाजता येणार?”

मात्र रुपयांचं पत्रक बिलासोबत पाठवलं तर सोसायट्यांत फसतं. मीटर इमारतीला एकच, बिल जातं सेक्रेटरीकडे आणि पत्रक त्याच्या फायलीत. ते जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच हवं, तेही वाढ लागू व्हायच्या आत.

माझं मत रुपयांच्या बाजूने. टक्के खाली बारीक अक्षरात द्या.