नळीत खाचाच नव्हत्या

‘ही बंदूक गेटिसबर्गला लढलेली आहे,’ असं विक्रेता म्हणाला आणि मी विरघळलो. १८५३ ची एनफिल्ड, ठासणीची रायफल, तीही अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या सैन्याकडची! पुरावा म्हणून त्याने चापाच्या कड्यामागे लाकडावरचा शिक्का दाखवला: ‘जेएस’ ही अक्षरं आणि खाली नांगर. दक्षिणेसाठी इंग्लंडमध्ये तपासून घेतलेल्या बंदुकांवर असा शिक्का असे, एवढं मी वाचलं होतं. नेमकं तेवढंच. पूर्ण रक्कम आधीच देऊन टाकली.

बंदूक आली ती देखणी होती. पंचावन्न इंच लांब, नळीला तीन पट्ट्या, वर नेम धरण्यासाठी शिडीसारखी उभी करायची दर्शनी.

काही आठवड्यांनी एक जाणकार संग्राहक घरी आले. त्यांनी आधी गज आत सोडून जुना बार अडकलेला नाही ना, हे पाहिलं. (हे प्रत्येकाने करायलाच हवं. जुन्या नळीत भरलेली दारू राहिलेली असू शकते.) मग आत उजेड टाकला. नळी आतून गुळगुळीत.

या शस्त्राची सगळी किंमत त्या तीन पीळदार खाचांत असते. तिची गोळी ‘मिनिए’ पद्धतीची: शिशाची, तळाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून पटकन ठासली जाते. बार उडाला की तळ फुगून खाचांत घट्ट बसतो आणि गोळी गिरकी घेत सुटते. गुळगुळीत नळीचा नेम १०० यार्डांपुढे भरवशाचा नसे. एनफिल्डचा नेम तीनशे यार्डांवरही लागे.

विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, ‘वापरून खाचा झिजल्या.’ साफ खोटं. एनफिल्डचा व्यास ०.५७७ इंच, माझ्या नळीचा भरला ०.६५. एवढं लोखंड झिजत नाही, ते मुद्दाम कोरलेलं असतं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती रायफल ठेवायची नाही असं ठरवलं आणि दिसायला तशाच, पण आतून गुळगुळीत बंदुका करून दिल्या. माझी त्यातलीच. अशा बंदुकीला साधी, न हलणारी दर्शनी असते. शिडीची दर्शनी नंतर डकवली होती, तिच्याखालचं डाक (जोडायला वितळवलेला धातू) अजून चकाकत होतं. चापाजवळच्या पट्टीवर मुकुटाखाली ‘व्हीआर’ होतं, म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल. अमेरिकेला विकलेल्या व्यापारी बंदुकांवर सहसा नुसता मुकुट असे. आणि बाकीच्या खुणा पुसट झालेल्या असताना नांगराच्या कडा मात्र धारदार!

पैसे देण्यापूर्वी उजेड टाकून घेतलेला नळीच्या आतला फोटो मागा, तोंडाशी व्यास मोजून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. माझे पैसे परत आले नाहीत. विक्रेत्याने उत्तर देणंच बंद केलं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. कुण्या हिंदी शिपायाच्या खांद्यावरची ती बंदूक, आणि कधी न पाहिलेल्या लढाईसाठी तिची खरी ओळख पुसली गेली. खोटी दर्शनी मी उतरवून घेतली आहे. शेजारच्या पाटीवर आता गेटिसबर्ग नाही.